आप्पांनी जागा सोडली न्हाई

आप्पांच्याकडं रेल्वेचा फुकटचा पास व्हता, आन् ह्यो मानूस गाडीत बसायचा न्हाई. दर रविवारी दौंडातनं केडगावला आईकडं जायचं, ते पळत. आई तिथल्या मिशनात सैपाकाला व्हती. तिच्याशेजारी प्रार्थनेला बसायचं, तिच्या हातची भाकरी खायची, आन् दुपारचं पळतच माघारी. डेमू गाडी जवळनं जायची तवा वळखीची लोकं दारातनं वरडायची, "ओ आप्पा, या की वर, जागा हाय!" आप्पा हात करायचे. गाडी फुडं निघून जायची, आन् ते आपल्या मापानं मागनं.

मी एकदा इचारलं, "आप्पा, मग त्यो पास कशाला बाळगताय?"

"कुनी इचारला तर दावाया."

"पळनाऱ्याला कोन तिकीट इचारतंय?"

"न्हाई इचारत. पर असावा."

असा मानूस. आता ते न्हाईत. मी हाय, पर माझं गुडघं न्हाईत. दिसभर ओट्यावर बसून ऱ्हाते. गाडी गेली का कळतंय किती वाजलं.

मी मूळची मांडवगण फराट्याची. लगीन होऊन दौंडाला आले. माझे मालक रेल्वेच्या गँगवर व्हते. गँग म्हंजी रूळ दुरुस्त करनारी टोळी. ते कामावर असतानाच गेले, आन् त्यांच्या जागी मला घेतलं. पदरात दोन लेकरं, शाळा दुसरीपत्तोर. हातात हातोडा दिला आन् अंगात नारंगी जाकीट. साडीवर जाकीट बघून गडीमान्सं तोंड फिरवून हसायची. आप्पा हसले न्हाईत. ते आमच्या गँगचे कीमन. कीमननं रोज सकाळी आपल्या वाट्याचा रूळ पायी चालायचा आन् चाव्या बघायच्या. रूळ खाली धरून ठिवनाऱ्या लोखंडी चाव्या असत्यात, त्या गाडीच्या हादऱ्यानं ढिल्या व्हत्यात. ढिली दिसली का ठोकायची. तीस वर्स त्यांनी हेच केलं.

पयल्या आठवड्यात माझ्या तळहाताची कातडी निघाली. मी एका कडंला बसून डोळं पुसत व्हते. आप्पा आले, डब्यातलं मीठ काढलं, पान्यात कालवलं आन् म्हनले, "वैनी, हात बुडवा. आन् रडू नका."

"का? रडायची बी चोरी?"

"चोरी न्हाई. मे महिना हाय. रडल्यानं अंगातलं पानी जातं."

मला तवा राग आला व्हता. बाई रांडमुंड झाली, आन् ह्यो मानूस पान्याचा हिशेब सांगतोय. पर खरं सांगते, त्या दिसापासनं मी कामावर रडले न्हाई. पानी जातं.

त्यांची पान्याची रीतच येगळी. आम्ही तहान लागली का घटाघटा प्यायचो आन् तासाभरात पुन्ना कोरडं. आप्पा एक घोट घ्यायचे, तोंडात धरायचे, आन् शंभर स्लीपर चालून झालं का मग गिळायचे. रुळाखाली आडवं सिमेटाचं असत्यात ते स्लीपर. आप्पा समदं स्लीपरात मोजायचे. दवाखाना किती लांब? दोन हजार स्लीपर. लेकीचं लगीन कवा? अजून लई स्लीपर हायत. त्यांची बायको कपाळाला हात लावायची. "ह्यांच्या संगं संसार केला का मालगाडी वढली, देवालाच ठावं," म्हनायची. गुनाची व्हती. फुडं साखरेनं गेली.

माझ्या थोरलीचं लगीन आम्ही मांडवगणला केलं, माझ्या भावाच्या दारात. आप्पांना बोलावनं व्हतं. अक्षता पडायच्या येळंला गावाच्या वाटंवर आरडावरडा झाला. बघतीया तर आप्पा पळत येत्यात. अंगात बनियन, पाठीला पिशवी, घामानं न्हाल्याले, आन् मागं गावची चार कुत्री. माझा भाऊ काठी घेऊन धावला, त्याला वाटलं मोहोळ उठलंय आन् मान्साला माश्या लागल्यात. आप्पा मांडवाच्या दाराशी थांबले, पिशवीतनं इस्त्रीचा सदरा काढला, घातला, टोपी घातली, आन् मग आत आले. दौंडातनं नदी वलांडून पळत आले व्हते. वरमाय माझ्या कानाशी लागली, "हे कोन वो तुमचं?" मी म्हनलं, "आमच्या कामावरचं."

आन् एक सवय व्हती, ती सांगितल्याबिगर फुडचं कळायचं न्हाई.

थंडीत पाटंचा रूळ आखडतो आन् कवाकवा तडकतो. कीमनला तडा सापडला तर नेम असा, का एकानं निरोपाला पळायचं आन् एकानं लाल फडकं धरून तिथंच उभं ऱ्हायचं. जागा सोडायची न्हाई. रिलीवर येईस्तवर, म्हंजी आपल्या जागी उभं ऱ्हानारा दुसरा मानूस येईस्तवर. एका पाटं आप्पांना तडा सापडला. मी निरोपाला गेले. टोळी आली, रूळ जोडला, गाड्या हळूहळू जाया लागल्या. समदी घरी गेली. दुपारचं मी बाजाराला निघाले, तर आप्पांची बायको डबा घेऊन तरातरा लायनीकडं चाललीया. मी बी संगं गेले. आप्पा तिथंच उभे. हातात फडकं गुंडाळून धरल्यालं.

"अवो, रूळ सकाळीच जोडला की!" ती वरडली.

"मला ठावं हाय. माझ्यासमोरच जोडला."

"मग हितं कशाला खांब झालाय?"

"रिलीवर आला न्हाई. मला कुनी जा म्हनलंच न्हाई."

"घरी बी असंच उभं ऱ्हात जावा कवा, गिरनीतनं दळान आनाया!"

शेवटी मी म्हनलं, "आप्पा, मी थांबते हितं. तुम्ही जावा." तसं फडकं माझ्या हातात दिलं आन् गुमान घरला गेले. मी बी येडीवानी तिथं घटकाभर उभी. मग माझं मलाच हसाया आलं आन् मी बाजार गाठला.

आप्पा रिटायर झाले तसं त्यांना चैन पडंना. रूळ काढून घेतल्यावानी झालं. मग जास्तच पळाया लागले. शिरूरकडं कारखान्यात कामाला जानारी पोरं हायत, सुट्टीच्या दिशी रंगीत बूट घालून पळत्यात. त्यांनी आप्पांना हेरलं. कुठं कुठं शर्यतीला न्यायची. आप्पा सगळ्यांच्या मागनं निघायचे आन् निम्म्यांच्या फुडं पोचायचे. मेडलं आनायचे आन् चावीच्या हातोड्यासंगं खिळ्याला अडकवायचे.

एक साल पोरं म्हनली, राजस्थानात वाळवंटात शर्यत हाय. दोन दिस पळायचं, पाठीवर आपलं पानी, आपलं खानं. आप्पांनी साठी वलांडल्याली. लेक शिरूरला दिल्याली, ती आली, भांडली. "पप्पा, हे काय वय हाय का?" आप्पा खारका निवडत बसल्याले. म्हनले, "पोरी, चालायचंच हाय. मी आनखी काय केलं जन्मभर?"

निघायच्या आदल्या दिशी माझ्याकडं आले. चा पिता पिता हसत सांगाया लागले, "वैनी, तिथं उलटंच हाय बगा. वाट दावाया लाल झेंड्या लावत्यात. आपल्याकडं लाल म्हंजी थांब, तिथं लाल म्हंजी इकडनं या."

मी म्हनलं, "जपून जावा."

राजस्थानपत्तोर गाडीनंच जावं लागलं. पोरं सांगत व्हती, आप्पा आडवे झाले न्हाईत. खालच्या बाकावर पाय जमिनीला टेकवून बसल्याले, आन् मधीच म्हनायचे, "हितं चावी ढिली हाय."

शर्यतीच्या पयल्या दिशी दुपारचं तिथं वारं सुटलं. वाळूनं आभाळ भरलं. संध्याकाळी मान्सं मोजली तर आप्पा न्हाईत. त्यांच्या फुडची पोचली, मागची बी पोचली. आप्पा मधल्यामधी गायब.

दुसऱ्या दिशी सकाळी त्यांची लेक जावयाच्या मोटारसायकलवर माझ्या दारात. तोंड पांढरंफटक.

"मावशी, पप्पा हरवलं."

मी तिला पानी दिलं. तिनं फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडं शर्यतवाल्यांपैकी एक मानूस, हिंदीत बोलत व्हता. म्हनला, आम्ही फुडचा समदा मुलूख बगतोय, उंटवाल्यांना बी धाडलंय. पळनारा मानूस चुकला तर चालत चालत फुडंच जातो, लई लांब जातो. त्यांच्याजवळ पानी थोडंच हाय. आजचा दिस महत्त्वाचा हाय.

त्यो बोलत व्हता आन् माझ्या डोळ्यांफुडं येगळंच उभं ऱ्हायलं.

माझे मालक गेले ती पाट धुक्याची व्हती. ते रुळावर वाकल्याले, शेजारच्या लायनीवरची गाडी ध्यानात आली न्हाई. टोळीतली मान्सं भेदरून पळाली, कुनी हापिसाकडं, कुनी पोलिसाकडं. मला निरोप पोचला आन् मी पोचले तवर ऊन डोक्यावर आल्यालं. लांबनं मला एकटे आप्पा दिसले. आपलं जाकीट काढून त्यांनी मालकाच्या अंगावर घातलं व्हतं आन् सोता बनियनवर उन्हात उभे. कुत्री हाकलून हाकलून घसा बसल्याला. मला बघितलं, पर समजूत घातली न्हाई का काय न्हाई. इतकंच इचारलं, "वैनी, आता तुम्ही हाय ना?"

मी म्हनलं, "हाय."

मग ते बाजूला झाले. लायनीच्या उतारावर गेले आन् खाली बसले.

म्हनून मला ठावं व्हतं. फोनवरच्या मान्साला मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हनलं, "आगे मत देखो. पीछे देखो. वो चलता नहीं होगा. खडा होगा."

"माताजी, इतना टाइम कोई खडा नहीं रहता."

"वो रहता है."

"माताजी..."

"लाल कपडा देखो," मी म्हनलं. "तुमारा झेंडा तो देखा होगा, दुसरा लाल. जिधर आखरी दिखा, उसके बाजू में. लाल के पास खडा होगा."

त्याला वाटलं असंल म्हातारीचं डोकं फिरलंय. मी फोन लेकीला दिला. ती पोरगी बापाची लेक. तिनं त्या मान्साला सोडलाच न्हाई, दिसभर घंट्याघंट्याला फोन. "मावशीनं सांगितलं तिथं बघितलं का? न्हाई? मग बघा." फोन ठिवला का माझ्याकडं बघायची. मी गहू निवडत बसले. रिकामं बसवत न्हाई मला. तिला रडू फुटलं तसं मी म्हनलं, "पोरी, रडू नकोस." तिला सांगायचं व्हतं पानी जातं, पर न्हाई सांगितलं.

दुसरी रात बी गेली. तिसऱ्या दिशी दुपारी फोन आला. सापडले. जित्ते.

काय झालं ते आप्पांनी मला नंतर सांगितलं, ह्याच ओट्यावर बसून. सगळं एका बैठकीत न्हाई. आज थोडं, आठ दिसांनी थोडं.

वावटळीत झेंड्या दिसंनात. पोरं दिसंनात. तेवढ्यात लांब बाभळीसारख्या झाडापाशी काय तरी लाल हाललं. ते तिकडं गेले. पोचले तर फडकं खाली वाळूत पडल्यालं. कुन्या मेंढपाळाचं फडकं असंल, झाडाला बांधल्यालं, वाऱ्यानं सुटलं. आप्पांना वाटलं शर्यतीची झेंडी पडली. मागनं येनारी पोरं हितं वळायची चुकनार. मग त्यांनी फडकं काठीला बांधलं आन् धरून उभे ऱ्हायले. मागच्यांना वाट दावाया.

"आन् मागं कुनीच नव्हतं," मी म्हनलं.

"कुनीच नव्हतं. ती समदी दुसऱ्या वाटंनं गेल्याली. मीच वाट सोडून आल्यालो." मग म्हनले, "वैनी, डोक्याला ठावं व्हतं हितं लाल म्हंजी या. पर पायाला कोन सांगनार? तीस वर्स लाल बघून थांबल्यालं पाय."

"अंधार पडला तवा तरी कळलं असंल की."

"कळलं. पर मग वाटलं, एखादा जरी मागं असंल तर? आपन हाललो आन् त्यो आला तर?"

पान्याची बाटली निम्मी व्हती. तिथं स्लीपर न्हाईत मोजाया. मग दिसा झाडाची सावली वीतभर सरकली का एक घोट, तोंडात धरायचा. खारीक चघळायची, गिळायची न्हाई. रातीला लई गारठा. शर्यतवाल्यांनी मिठाईवरच्या वर्खासारखा चकाकता कागद दिल्याला, त्यो अंगाभवती गुंडाळला आन् पाय वाळूत पुरून बसले. दिस उगवला का पुन्ना उभे. दुसऱ्या दुपारी पानी संपलं. जीभ लाकडावानी झाली. आईनं शिकविल्याली प्रार्थना म्हनाया लागले तर शबुद अर्ध्यात सुटायचे.

"रडला का वो?" मी इचारलं.

"न्हाई. पानी..." एवढंच म्हनले आन् आम्ही दोघं हसलो.

पर मग हळूच म्हनले, "वैनी, तहानंनं मी दमलो न्हाई. तिथं मोजाया कायच नव्हतं, त्यानं दमलो."

तिसऱ्या दिशी सकाळी शेळ्यामेंढरं घेऊन फडक्याचा मालक आला. त्यानं मान्साला हात लावला, आप्पा उभ्याउभ्या डोळं मिटल्याले. त्यानं शेळीची धार काढून दूध पाजलं, चमच्या चमच्यानं. दुपारी शर्यतवाल्यांची जीप आली. लेकीच्या फोनला कटाळून एकदाची मागच्या बाजूला आल्याली, आन् लाल बघून वळली. त्यांनी आप्पांना उचलाया घेतलं, तर आप्पा फडकं सोडंनात. "रिलीवर कोन हाय?" म्हनत व्हते. कुनाला कळंना. मेंढपाळाला काय वाटलं कुनास ठावं, त्यानं फुडं होऊन काठी आपल्या हातात घेतली. तवा आप्पा जीपमधी बसले.

दौंडात त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, हार. एक पुढारी माईकवर लई बोलला, आप्पांनी वाळवंट जिंकलं म्हनला. मग आप्पांना बोला म्हनले. आप्पा माईकजवळ गेले. "मी चुकलो व्हतो. लाल बघून थांबलो," म्हनले, आन् जागेवर येऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या, त्यांचं त्यांना ठावं.

त्यानंतर आप्पा पळाले न्हाईत. डाक्टर म्हनला, आतनं काय काय सुकलंय. सकाळचं काठी घेऊन फाटकापत्तोर जायचे, गाडी गेली का माघारी. दोन सालं अशी गेली. एकच गोष्ट त्यांच्या मनातनं जात नव्हती. मला इचारायचे, "त्या मेंढपाळाला कुनी सांगितलं असंल का, आता जा म्हनून?"

मी म्हनायची, "सांगितलं असंल."

"न्हाईतर त्यो अजून उभा असायचा."

"सगळी तुमच्यावानी नसत्यात, आप्पा."

शेवटाला दौंडातच दवाखान्यात ठिवलं. लेक तीन दिस उशाला बसून व्हती, डोळं तांबारल्याले. मी म्हनलं, "पोरी, घरी जाऊन आंघूळ करून ये. मी बसते." ती गेली. भर दुपार व्हती. पंखा फिरत व्हता. लांबनं मालगाडी चालल्याली ऐकू येत व्हती, आप्पांची बोटं चादरीवर हालत व्हती, मोजल्यासारखी. मग डोळं उघडलं. इकडं तिकडं बघितलं. मला वळखलं.

"वैनी, तुम्ही हाय ना?"

मी खुर्चीवरनं उठले. "हाय."

"बरं," म्हनले. डोळं मिटलं. बोटं थांबली.

नर्स पळत आली, मग डाक्टर आला. मग कागद घेऊन ती नर्स माझ्यापाशी आली. "आजी, तुम्ही पेशंटच्या कोन?"

"रिलीवर," मी म्हनलं.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आन् कागदावर काय तरी लिवलं. मागनं लेकीनं वाचून दावलं, नर्सनं 'बहीण' लिवल्यालं. लिवू दे.

लेक येईस्तवर मी खाटंपाशी व्हते. गुडघं ठनकत व्हतं. खुर्ची शेजारीच व्हती. बसले न्हाई.